अडीच इंचाचं अंतर

या दिवाळीला गावी निघताना बॅगेत फराळाच्या डब्याआधी दोन कॅमेरे गेले, तेव्हाच बायकोने कपाळाला हात लावला. "एकच फोटो काढायला दोन कॅमेरे?" प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितोय.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच अंतर असतं. त्यामुळे दोघांना जग किंचित वेगळं दिसतं, आणि त्या फरकातून मेंदू खोली ताडतो. हात लांब करून अंगठा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा उडी मारतो की नाही? चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३८ साली मांडलं. फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायची होती १८३९ मध्ये, त्यामुळे बिचाऱ्याने आरसे लावून हाताने काढलेली चित्रं दाखवली. आपण लहानपणी डोळ्याला लावून खटक् खटक् करायचो तो व्ह्यूमास्टर म्हणजे त्याच कल्पनेचा नातू.

तर मलाही दोन डोळ्यांचा कॅमेरा हवा होता, पण खिशाला न दुखवता. जुन्या बाजारात कॅननचे दोन सारखे पॉवरशॉट मिळाले. एकाचं सेलचं झाकण रबरबँडवर तग धरून होतं. यवतमाळात स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या एका दुकानातून अॅल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा घेतला. तिथल्या पोराने दोन भोकं पाडून दिली आणि पैसे घेतले नाहीत, "फोटो दाखवजा" एवढंच म्हणाला. पाव इंची बोल्टने दोन्ही कॅमेरे पट्टीवर शेजारी शेजारी बसवले. झाली तयारी!

कसली तयारी... कॅमेरे अंगाने रुंद, त्यामुळे दोन भिंगांतलं अंतर अडीच इंचांऐवजी अकरा सेंटिमीटर झालं. या छंदातला ढोबळ नियम असा, की सगळ्यात जवळची वस्तू त्या अंतराच्या तीसपट तरी लांब हवी. म्हणजे सव्वातीन मीटरच्या आत कोणी नको. हे कळायच्या आधी मी आईचा जवळून फोटो काढला होता. तो बघताना डोळ्यांतून पाणी आलं, ते माया दाटून नव्हे.

दुसरी अडचण वेळेची. दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबायची म्हटलं तरी थोडा फरक पडतोच. गोठ्यातल्या बैलाची शेपटी डाव्या फोटोत वर, उजव्या फोटोत खाली! यावर उपाय सीएचडीके नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने केला. ते मेमरी कार्डावर टाकायचं, मग कॅमेरा यूएसबीच्या वायरवरून इशारा ऐकतो. तीन पेन्सिल सेल, एक बटण, आणि एका वायरीला दोन फाटे. दोन्ही कॅमेरे एकत्र 'खटक्' वाजले तेव्हा मी अंगणात एकटाच टाळ्या वाजवल्या.

पहिला खरा फोटो वावरात काढला. कापूस फुटलेला, ओळीत आई वेचत होती, पाठीमागे बांधावरची बाभळ. दोन प्रिंटा काढून बुटांच्या खोक्यात बसवल्या, पुढे दोन भिंगं लावली. घरात रांग लागली. काकू म्हणाली, "अवं माय, बोंड तं हाताले लागते!" आत्याने तर खरंच हात पुढे केला.

बाबांनी खोका घेतला, पाहिलं, परत दिला. "चांगला हाय फोटो." बस्स.

मला रागच आला. आणि मग एकदम पोटात कालवलं. बाबांचा उजवा डोळा मी शाळेत असतानाच गेला. पऱ्हाटी उपटताना टोक घुसलं होतं. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक, इतकं ठाऊक की कोणाच्या लक्षातच राहत नाही. १९९८ साली 'छोटा चेतन' हिंदीत पुन्हा आला, तेव्हा आम्ही सगळे यवतमाळला पाहायला गेलो होतो. आम्ही पोरं चष्मे लावून किंचाळत होतो, आणि बाबा चष्मा हातात धरून गप्प बसले होते. मी समजलो होतो, त्यांना सिनेमाच आवडत नाही.

त्या रात्री झोप लागेना. लॅपटॉप उघडून डावा फोटो, उजवा फोटो, डावा, उजवा, असं बाणाच्या बटणाने पालटत कुठला जास्त स्पष्ट आलाय ते बघत बसलो होतो. बाबा पाणी प्यायला उठले आणि मागे येऊन उभे राहिले.

"थांब. पुन्हा कर तसं."

मी केलं. डावा, उजवा. आई जराशी हलत होती, मागची बाभळ तिच्या आडून सरकत होती.

"हे तं मांगं-पुढं दिसून रायलं रे! तुही माय इकडं, झाड तिकडं."

खोली ताडायला मेंदूला दोन डोळेच लागतात असं नाही. आपण हललो की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि हे एका डोळ्यालाही कळतं. मी शास्त्र सांगायला लागलो, तर बाबा हसले. म्हणाले, "मी वावरात असाच पायतो," आणि मान डावीकडे-उजवीकडे झुलवून दाखवली. ती झुलणारी मान मी इतकी वर्षं बघतोय. आम्ही भावंडं लहानपणी तिची नक्कल करून हसायचो.

बाबा स्टूल ओढून बसले. आई किती वेळा सरकली कोण जाणे. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

सकाळी मी उठायच्या आत ते पट्टी घेऊन अंगणात उभे होते. म्हणाले, "चाल, इहिरीचा काढू."