भोंगऱ्याच्या बाजारात

सावद्याला आमच्या गच्चीवर वाळवणं घालायला गेलं, की उत्तरेला सातपुडा दिसतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो असाच पाहते आहे. निळसर आणि गप्प! आमच्याच रावेर तालुक्यातल्या पालपर्यंत मुलांच्या सहली जायच्या. केळीच्या बागेत कामाला येणाऱ्या तडवी, पावरा बायांशी बोलणंही व्हायचं, पण ते रोज आणि मजुरीपुरतं. त्यांचं डोंगरातलं घर, त्यांचा सण पाहायचा योग काही येत नव्हता.

तो गेल्या होळीला आला. माझी भाची धडगावला नर्स आहे. तिचा फोन आला, "मावशी, होळीच्या आधी चार दिवस ये. भोंगऱ्याचा बाजार बघ."

शेजारच्या काकूंना कळलं मात्र, त्या लगबगीने आल्या. "अगं बाई, त्या बाजारात म्हणे मुलगे मुलींना गुलाल लावतात आणि पळवून नेतात! की झालं लग्न! जपून जा हो."

माझ्या वयाच्या बाईला कोण पळवून नेणार, असं म्हणून मी पिशवी भरली.

भुसावळहून सुरतेकडच्या गाडीने नंदुरबार, पुढे एस. टी. ने प्रकाशाला तापी ओलांडून तळोदा, आणि मग चांदसैली घाट. घाटात गाडी शिरली आणि आमच्या केळीचा हिरवा रंग पार मागे राहिला. पानगळीने उघडे पडलेले डोंगर, मध्येच लालभडक पळस, मोहाची झाडं. गाव म्हणावं तर सलग वस्ती कुठेच नाही. जो तो आपापल्या शेतात घर बांधून राहतो. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात आंब्याचं झाड. दोन घरांत हाक ऐकू जाईल न जाईल इतकं अंतर! भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आम्हां सावद्याच्या बायकांना याची फार गंमत वाटावी.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्यात हा भाग गेला. पलीकडे नर्मदा, अलीकडे सातपुड्याच्या रांगा. वस्ती बहुतेक सगळी पावरा आणि भिल्लांची.

बाजाराच्या दिवशी सकाळपासून डोंगरांवरून माणसं उतरू लागली. प्रत्येक पाड्याचा आपला ढोल. तो एवढा मोठा, की वाजवणारा गडी त्याच्यामागे अर्धा झाकून जातो. बायांच्या गळ्यात, हातापायांत चांदीचे जाडजूड दागिने, एकसारख्या रंगाची लुगडी नेसलेल्या मुलींचे घोळके. फुटाणे, गूळ, दाळ्या, खजूर आणि साखरेच्या हार-कड्यांची दुकानं. बाकी मीठ, मिरची, विळे, बादल्या, बांगड्या, म्हणजे कुठल्याही आठवडे बाजारात असतं तेच.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना खुपली. शहरातून आलेली काही मुलं मोबाईल हातात धरून नाचणाऱ्या मुलींच्या अगदी तोंडाशी जात होती. विचारणं नाही, पुसणं नाही. एका मुलीने पदर ओढून तोंड फिरवलं, तर हे हसले!

भाचीच्या ओळखीची एक पावरा बाई आमच्याबरोबर होती. वयाने माझ्याएवढीच. तिची मराठी मोडकी, पण जीभ तिखट. भाचीने तिला काकूंचा तो पळवून नेण्याचा प्रश्न विचारला. ती थांबली.

"पळवून नेतात तर आम्ही पोरींना घेऊन दरवर्षी कशाला येतो? बघा की, कुणी आईबरोबर आहे, कुणी भावाबरोबर. होळीला घरात सामान लागतं. तुमच्या दिवाळीच्या आधी बाजार भरत नाही का?"

मग तिने समजावून सांगितलं. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. होळीच्या आधीच्या आठवड्यात ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथे भोंगऱ्या. मध्य प्रदेशात झाबुआ, अलिराजपूरकडे यालाच भगोरिया म्हणतात. तिथेही हीच कहाणी पसरलेली आहे, आणि हा पळवापळवीचा नव्हे तर सणाच्या खरेदीचा बाजार आहे, असं आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. मुलगा-मुलगी एकमेकांना पाहतात, नजर जुळते, हे खरं. ते कुठल्या जत्रेत होत नाही? पण लग्न म्हटलं की घरची माणसं आणि पंच बसतात.

"तुम्ही लिहिता, फोटो काढता आणि जाता," ती म्हणाली, "आमची पोर तालुक्याला शिकायला गेली, की तिथली मुलं तिला हेच विचारतात."

मैत्रिणींनो, हे ऐकताना मला आपल्या घरातल्या मुली आठवल्या. मुलीच्या नावाला जपणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? मग डोंगरातल्या मुलीच्या नावाला तेवढं मोल नाही का?

दुपारी तिच्या घरी गेलो. बोलता बोलता लग्नाचा विषय निघाला. त्यांच्यात देज असतं. म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला पैसे द्यायचे, ते पंच ठरवतात. मुलीने नवरा सोडून दुसरं घर केलं, तर नव्याने आधीच्या घरी पैसे भरायचे. तिने मला सरळ विचारलं, "तुमच्यात म्हणे मुलीचा बाप देतो? मुलगीही देतो आणि वर पैसेही?"

काय उत्तर देणार! हुंड्याविरुद्धचा कायदा 1961 सालचा. तो झाल्यापासून हुंडा हा शब्द तेवढा आपण टाकला. आता त्याला मानपान म्हणतात, हौस म्हणतात.

पण तिकडे सगळं सोन्यासारखं आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. तीच म्हणाली, की मुलाच्या देजासाठी कर्ज काढलं, ते फेडायला मुलगा आणि सून दोघंही गुजरातेत ऊसतोडीला गेले. पैसे दिले म्हणून सुनेच्या कामाला खंड नाही. पाणी, सरपण, शेत, पोर सगळं तिच्याच अंगावर. भाचीने दवाखान्यातल्या हाडकुळ्या, कोवळ्या वयाच्या आयांचं सांगितलं, तेव्हा घास घशाखाली उतरेना. थोरल्या लेकीचं सासर नर्मदाकाठचं. ते गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. आता ती खाली तळोद्याकडच्या वसाहतीत राहते. "तिथं घराला घर लागून आहे," आई म्हणाली, "तिला झोप येत नाही."

देज काय, हुंडा काय, पैशाची वाट उलटसुलट. पण एक फरक मला जाणवला. तिथे मुलगी झाली म्हणून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. बाप तिला ओझं समजत नाही. एवढं तरी आपल्याला जमलंय का?

निघताना तिने गेल्या वर्षीची आमचूर बांधून दिली. उन्हाळ्यात अंगणातल्या झाडाच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलून फोडी करायच्या, खडकावर वाळवायच्या आणि धडगावच्या व्यापाऱ्याला विकायच्या. हे सगळं बायाच करतात. फोड पांढरट राहिली तर भाव बरा, पावसाने काळी पडली की मातीमोल. आपण दुकानातून पुडी आणतो, तिच्यामागे एवढी उठाठेव असते! (आमचूर काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकणाने ठेवावी, ओला चमचा लावू नये. तुरीच्या वरणात चिंचेऐवजी छान लागते.)

आता घरचं सांगते. माझ्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतं आहे. मुलीकडच्यांनी परवा नम्रपणे विचारलं, "तुमच्या अपेक्षा काय, ते एकदा सांगा." यजमान कागद-पेन घेऊन बसले. मी म्हटलं, "कागद ठेवा. मुलगी येते आहे, तेवढं पुष्कळ आहे. लग्नाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करायचा."

ते म्हणाले, "आणि भाऊबंद काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं. ते अजून हो म्हणालेले नाहीत. पण रविवारी मुलीच्या घरी जायचं आहे, आणि बोलणीला या वेळी मीही बसणार आहे.