उणे चाळीस, मुक्काम खारघर

गाडीच्या टेंपरेचर सेन्सरला इंजिन किती तापलंय हे माहीतच नसतं. आपण ज्यात बुडालोय ते किती गरम आहे, एवढंच त्याला कळतं. बुडालेला असतो कूलंटमध्ये, म्हणून आपलं चालून जातं.

आत असतो एक थर्मिस्टर. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, याचा उलट कमी होतो. (ही उलटी खोड फॅरेडेने १८३३ सालीच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिली होती.) २० अंशांना साधारण दोन-अडीच किलोओहम, इंजिन तापल्यावर दोन-तीनशे ओहम. ईसीयू एका ठरावीक रेझिस्टरमधून पाच व्होल्ट पाठवतो, सेन्सरवर किती व्होल्ट पडतात ते बघतो आणि तक्त्यातून तापमान काढतो. थोडक्यात, लुकअप टेबल. आपल्यातलाच निघाला की!

स्कॅनर लावलात तर हे तापमान एका बाइटमध्ये मिळतं. ० ते २५५, त्यातून ४० वजा. आता समजा वायर तुटली. रोध अनंत, व्होल्टेज पूर्ण पाच, म्हणजे थंडीची कमाल: उणे ४०. खारघरमध्ये, भर मे महिन्यात! ईसीयू अर्थातच यावर विश्वास ठेवत नाही. चेक इंजिनचा दिवा लावतो, बहुतेक गाड्यांत फॅनही चालू ठेवतो आणि मनाशी एक आकडा धरून गाडी हाकतो.

अशी सरळसरळ थाप पकडली जाते. पटण्यासारखा आकडा आला की पंचाईत.

गेल्या मे महिन्यात ताई-भाऊजींच्या गाडीतून लोणावळ्याला चाललो होतो, मागे आई-बाबा. खोपोली सोडून घाट लागला आणि काटा चढायला लागला. सगळे गप्प. मग एकदम खाली आला. "चला, झाली थंड," भाऊजी खूश. मी म्हटलं, "भाऊजी, बाजूला घ्या आणि आधी इंजिन बंद करा." भर चढावर, एसी चालू असताना, इंजिन असं क्षणात निवत नसतं.

होज फाटला होता. कूलंट वाहून गेलं, सेन्सर कोरडा पडला आणि आजूबाजूच्या हवेचं तापमान इमानदारीत सांगत बसला. आणखी थोडं चालवलं असतं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं.

आई म्हणे, "अरे, झाकण उघडून पाणी ओता ना!" नाही ओतलं. आत जे काही उरलं असेल ते दाबाखाली शंभराच्या वर असूनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं उसळून अंगावर येतं. टोइंगवाल्याची वाट बघत घरचे सगळे पराठे तिथेच संपवले.

हेड शाबूत निघालं. नवा होज आणि कूलंट, एवढ्यावर भागलं. भाऊजींच्या आधीच्या गाडीत तर काटाही नव्हता, नुसते दोन दिवे, एक निळा आणि एक लाल.