मामा कंपनीत नसेल तर

परवा विहारातल्या अभ्यासिकेत एक पोरगा धावतपळत आला. बी.कॉम. झालेला, दुसऱ्या दिवशी मुलाखत. कंपनीची काय माहिती काढलीस, असं विचारलं तर वेबसाइट तोंडपाठ. स्थापना कधी, शाखा किती, मालकाचं बोधवाक्य काय. पगार कितव्या तारखेला होतो, याचा पत्ता नाही. आम्हाला हसू आलं नाही, कारण आम्हीही असेच गेलो होतो.

समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर आमची पहिली मुलाखत एका सामाजिक संस्थेत झाली. माहितीपुस्तिकेतले सगळे फोटो आपल्या वस्त्यांचे. विश्वस्तांची यादी शेवटच्या पानावर होती, ती आम्ही वाचलीच नाही. वाचली असती तर सगळी आडनावं एकाच आळीतली आहेत हे दिसलं असतं, आणि "घरचं वातावरण कसं आहे? वडील काय करतात?" या प्रश्नाला आम्ही गांगरलो नसतो. वडील रेल्वेत गँगमन होते. ते सांगताना आवाज खाली गेला, त्या आवाजाची लाज आजही वाटते. नोकरी मिळाली. पगारातून पीएफ कापला जायचा. तो भरलाच जात नाही, हे सात महिन्यांनी कळलं.

घरच्या वातावरणाचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली हेच मांडलं: तोंडाने गुणवत्ता म्हणायचं आणि माणूस पारखायचा घराण्यावरून. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळं असलेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आडनावाला बोलावणं कमी आलं.

प्रस्थापितांच्या घरात माहिती वारशाने येते. मामा बँकेत, काका कारखान्यात. एक फोन केला की साहेब कसा आहे, बढती कुणाला मिळते, सगळं कळतं. त्याला कुणी संशोधन म्हणत नाही! आपल्याला ते कागदांतून काढावं लागतं, आणि बरेचसे कागद उघडे आहेत. कंपनीचे संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती जणांचे, तेही दिसतं. दोनशे माणसं आहेत म्हणणाऱ्याने तीसच जणांचे भरले असतील, तर बाकीचे कुणाच्या नावावर राबतात? मुलींनी अंतर्गत समितीत कोण आहे हे विचारावं. दहा माणसं असली की २०१३ च्या कायद्याने ती समिती सक्तीची आहे. आणि जमलं तर शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावं. तिथे जे कळतं ते कुठल्याच संकेतस्थळावर नसतं.

कार्यकर्ते मित्र म्हणतात, नोकरीच मिळत नाही तिथे निवडीचे चोचले कसले? आक्षेप खरा आहे. घरी चूल थंड असेल तर वाईट नोकरीही धरावी लागते. पण माहिती काढली म्हणजे नकारच द्यायचा, असं कुणी सांगितलं? १९१७ साली बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा सयाजीराव महाराजांसारखा मालक पाठीशी होता. तरी कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, आणि नाव लपवून राहिलेल्या पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढण्यात आलं. मालक चांगला एवढ्याने भागत नाही. हाताखालची माणसं कशी आहेत आणि गावात राहायला जागा कोण देईल, तेही बघावं लागतं.

तो पोरगा मुलाखतीला जाऊन आला. शेवटी "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं म्हटल्यावर त्याने पीएफचं विचारलं. दोघे साहेब एकमेकांकडे बघत राहिले. मग एक म्हणाला, "ते सगळं एजन्सी बघते." जाहिरातीत एजन्सीचा उल्लेखही नव्हता. पोराने तिथल्या तिथे एजन्सीचं नाव लिहून घेतलं. होकार सोमवारपर्यंत कळवायचा आहे. आज संध्याकाळी ते नाव टाकून बघायला आम्ही दोघं बसणार आहोत.