वेशीच्या आतलं मस्कत

माझ्या गावाहून, कुरुंदवाडहून कुणी आलं की मी त्याला आधी मतरहच्या बाजारात नेतो, राजवाडा दाखवायला नंतर. जुनं मस्कत डोंगरांच्या बेचक्यात वसलंय, दोन्ही अंगांना जलाली आणि मिरानी हे किल्ले. ते पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभे केले; १६५० मध्ये ओमानींनी त्यांना इथून हुसकावलं. १९७० पर्यंत रात्री शहराच्या वेशी बंद व्हायच्या आणि त्यानंतर गल्लीत फिरणाऱ्याच्या हातात कंदील असावाच लागे.

आता वेशी सताड उघड्या आहेत, पण आत राहणारी माणसं कमी झाली. १९७२ मध्ये अल आलम राजवाडा बांधला गेला, सरकारी इमारती आल्या, २०१६ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. रस्ते चकचकीत झाले. रहिवासी मात्र ऐसपैस घरांसाठी बाहेरच्या नव्या वस्त्यांत गेले. इतकी निगुतीनं जपलेली वस्ती संध्याकाळी सुनी पाहिली की मला फार वाईट वाटतं.

शेजारचं मतरह तसं नाही. तिथल्या अरुंद बोळात लोबान जळतो, खंजीर आणि टोप्या टांगलेल्या असतात, आणि भाव हिंदीत होतो. कच्छी भाटिया व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लवातिया समाजाची तटबंदीची वस्ती तर थेट समुद्राला तोंड करून उभी आहे. एकेकाळी इथल्या बाजारात रुपयाच चाले. सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि पुढे ते हिंदुस्थानात राहिले. १९६५ मध्ये मुंबईतच वारले. मुंबई आणि मस्कत ही एका समुद्राची दोन बंदरं, हे इथे पटतं.

जुन्या मस्कतात अजून एक जागा जिवंत आहे: राजवाड्याजवळचं मोतीश्वराचं मंदिर. महाशिवरात्रीला तिथे पहाटेपासून रांग लागते. आमच्या कुरुंदवाडात पाच मशिदींत गणपती बसतो, त्यामुळे मुसलमान सुलतानाच्या दारी शंकराचं देऊळ पाहून मला नवल वाटलं नाही, आपलेपणा वाटला. त्या दिवशी गल्ल्या भरतात. पण एका दिवसाच्या गर्दीनं वस्ती टिकत नाही. मला विचाराल तर किल्ल्यांच्या डागडुजीइतकाच खर्च इथे कुटुंबं पुन्हा राहती करण्यावर व्हावा: किराणा, भटारखाना, पोरांची शाळा, सगळं वेशीच्या आत.