वैद्यच आजारी

आमच्या कार्यालयातील जुन्या संगणकात नववी-दहावीच्या मुलामुलींची जातीची आणि उत्पन्नाची प्रमाणपत्रे साठवलेली आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांवरच अवलंबून. गेल्या वर्षी तो मंदावला म्हणून दुरुस्तीचा प्रोग्राम बसवला, तर तो उघडायलाच वीस मिनिटे घेऊ लागला! ‘यंत्र म्हातारे झाले, टाकून द्या’, असा सल्ला अनेकांनी दिला. परंतु दुःखालाही कारण असते असे सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांनी कारण न शोधता निकाल द्यावा, हे आम्हांस पटेना.

प्रथम सर्व कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. दुरुस्तीच्या भरात एखाद्या मुलाचे वर्ष बुडणे आम्हांस परवडणारे नव्हते. मग यंत्र सेफ मोडमध्ये सुरू केले. त्यात विंडोज केवळ अत्यावश्यक तेवढेच चालवते. तेथे तोच प्रोग्राम मिनिटभरात उघडला. म्हणजे अडथळा सोबत आपोआप सुरू होणाऱ्या कशाचा तरी होता. (इतिहासातही एका साधनावर विसंबता येत नाही, दुसरे पडताळावे लागते.) नववीच्या दोन मुलींनी यादी तपासली, तेव्हा दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असल्याचे आढळले. प्रोग्राम जी जी फाइल उघडी, ती दोघेही तपासत. 2 जीबी रॅम अपुरी पडे, मग विंडोज स्मृतीतील भार हार्ड डिस्कवर टाकी, आणि तिची गती आधीच बेताची.

एक अँटिव्हायरस काढला. आता दोन मिनिटे लागतात. मुलींच्या मते तीही फार आहेत. एसएसडी बसवायला हवी. त्यांचे म्हणणे रास्त आहे. अर्ज मात्र मुदतीत गेले.