गेज, बारक्या आणि मी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण नेहमीचंच, सीझन. फेब्रुवारी संपला की जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत एसीवाल्याला स्वतःचं नाव आठवायलाही वेळ नसतो. फोन वाजला की "कूलिंग होत नाही" एवढं एकच वाक्य ऐकू येतं. हल्ली झोपेतसुद्धा ऐकू येतं.

मागे एकदा आत्यानं फोनवर विचारलं होतं, "तू नक्की करतोस तरी काय रे? गॅस भरतोस म्हणजे सिलिंडरवाला का?" तेव्हा हसण्यावारी नेलं. आज जे लिहायचंय त्यासाठी थोडं सांगावं लागेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

तर एसीच्या नळ्यांमधून एक गॅस सतत फिरत असतो. घरातली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या मशीनपाशी नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. या गॅसची गंमत अशी की तो उकळत असताना दाब कळला की तापमान कळतं आणि तापमान कळलं की दाब. जुना आर-२२ साधारण साडेचार अंशांवर उकळत असेल तर गेजवर ६८ पीएसआय दिसतो. त्याच तापमानाला आर-४१०ए ११८ दाखवतो आणि आर-३२ त्याच्याही तीनेक पीएसआय वर. म्हणजे मशीनमध्ये गॅस कोणता आहे हे आधी माहीत नसेल तर आकड्याला काही अर्थच नाही. काकाकडे अजून निळ्या-लाल तबकडीचं जुनं गेज आहे. त्यावर गॅसनिहाय तापमानाची वर्तुळं एकात एक छापलेली असतात, चष्मा लावून वाचावी लागतात. डिजिटल गेजमध्ये गॅस निवडला की यंत्रच तापमान काढून देतं. नळीला तापमानाचा चिमटा लावला की सुपरहीटही काढून देतं, म्हणजे परतणारा गॅस उकळून झाल्यावर आणखी किती अंश तापला ते. वजाबाकीसुद्धा करायची नाही.

मी डिजिटल घेतलं २०२१ मध्ये. पैसे साठवून. काकानं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. सेल संपला की काय करणार?" काकाचं हे असं.

आता बारक्याबद्दल. बारक्या माझ्याकडे दोन सीझन होता. सिंहगड रस्त्यापलीकडच्या वस्तीतला पोरगा, आयटीआय अर्धवट सोडलेला. शिडी धरायची, आउटडोअर धुवायचा, नटबोल्ट सांभाळायचे. पण डोळे सतत माझ्या हातातल्या स्क्रीनवर. "दादा, हे काय? दादा, हा आकडा का हलतोय?" गेज त्याच्या हातात देताना मी दर वेळी एकच वाक्य बोलायचो. "जपून. तुझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढं आहे ते." मला तो विनोद वाटायचा.

एप्रिल २०२३. पुण्यात चाळीस अंश. आम्ही दिवसाला सात-आठ मशीनं करत होतो आणि खरं सांगायचं तर घाईत करत होतो. गॅस कमी झालेल्या मशीनची योग्य पद्धत अशी: आधी लीक शोधा, उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्या, लीक बंद करा, व्हॅक्यूम करा आणि पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढे काट्यावर मोजून भरा. घरगुती स्प्लिटला तर हेच बरं, कारण कॅपिलरी आउटडोअरमध्येच असते आणि गेज लावायला एकच जागा मिळते, परतीच्या नळीवर. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो, तिथे नुसत्या दाबावर विश्वास ठेवणं म्हणजे चालत्या बसमध्ये वजन करण्यासारखं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण सीझनमध्ये साध्या, एकाच वेगाच्या मशीनवर आम्ही दाब आणि सुपरहीट बघून वरून गॅस टाकत होतो. पुष्कळ जण टाकतात. ही सबब नाही, नुसतं सांगतोय.

आठवडाभरात तक्रारी यायला लागल्या. आम्ही नुकताच गॅस टाकलेली मशीनं दुपारी बंद पडत होती. संध्याकाळी चालू, दुपारी परत बंद. पहिल्या घरी मी कंडेन्सर धुतला, दुसऱ्या घरी व्होल्टेजला दोष दिला. तिसऱ्या घरी परतीची नळी कॉम्प्रेसरपर्यंत घामानं निथळत होती आणि करंट पाटीवरच्या आकड्याच्या बराच वर. गॅस जास्त झाल्याची अशी खूण कुणीही ओळखेल. चौथ्या घरी कॉम्प्रेसर गेला.

रात्री काकाकडे गेलो. त्याच्याकडे आर-४१०एचं सिलिंडर दोन दिवस खोलीत पडून होतं. ही तपासणी मात्र मला फार आवडते, कारण तिला कंपनीचा माणूस लागत नाही. सिलिंडरमध्ये थोडा तरी द्रव गॅस असेल आणि तो एका जागी रात्रभर ठेवला असेल, तर आतला दाब हा फक्त खोलीच्या तापमानावर ठरतो. सिलिंडर भरलेला असो की अर्धा. खोली तीस अंश होती, म्हणजे २६० च्या आसपास दिसायला हवं होतं. काकाचा काटा बरोबर तिथे गेला. माझं महागाचं गेज २४८ वर थांबलं.

अकरा-बारा पीएसआय कमी. वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण आमच्या दाबाच्या टापूत ते जवळपास तीन अंश होतात. दाब कमी दिसतो, म्हणून वाटतं गॅस कमी आहे. त्याच खोट्या दाबावरून काढलेलं सुपरहीट जास्त दिसतं, म्हणून परत वाटतं गॅस कमीच आहे. मी दोन साक्षीदारांची साक्ष जुळली म्हणून खूश होतो, आणि दोघेही एकाच घरचे होते.

"पडलंय कुठंतरी," काका म्हणाला. कोपऱ्यातल्या रबरावर एक चीर होतीच. मी ती चीर बघितली आणि माझ्या डोक्यात सगळी गोष्ट तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारातच मी बारक्याला विचारलं. विचारलं कसलं, सांगितलंच. "तू पाडलंस. पाडलंस आणि लपवलंस." तो म्हणाला, "नाही दादा." मी म्हणालो, मग रबर काय उंदरानं खाल्लं? तो परत म्हणाला, "नाही दादा, माझ्याकडून नाही पडलं." समोरचा चहावाला बघत होता. मी कॉम्प्रेसरची किंमत सांगितली, चार घरांची नावं सांगितली आणि शेवटी ते तीन महिन्यांच्या पगाराचं वाक्यही बोललो. या वेळी ते विनोद म्हणून नव्हतं. बारक्यानं खांद्यावरची ॲलन कीची पिशवी काढून काउंटरवर ठेवली आणि गेला.

गेज तपासणीला पाठवलं. चार दिवसांनी तिथल्या माणसाचा फोन. सेन्सर ठणठणीत आहे म्हणाला, खालपासून वरपर्यंत सगळ्या दाबांना सारखाच फरक दाखवतोय, झीरो केल्यावर तो फरक गेला. मग त्यानं अगदी सहज विचारलं, "मागचं झीरो करताना होज उघडे होते का?"

मंडळी, त्या प्रश्नासरशी मला एक गच्ची आठवली. सातारा रस्त्यावरचा एक दवाखाना, दुपारचे दोन. आदल्या कामानंतर गॅस वाया जाऊ नये म्हणून होजच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद केलेला, आत थोडा गॅस शिल्लक. बरेच दिवस झीरो केलं नाही हे मध्येच आठवून मी बटणाकडे बोट नेलं होतं. आणि शिडीवरून बारक्या म्हणाला होता, "दादा, आधी होज काढू का?"

मी म्हणालो होतो, "घाई आहे रे."

यंत्राला काय, तुम्ही ज्याला शून्य म्हणाल ते त्याचं शून्य. आत अकरा पीएसआय दाब होता, मी त्याला शून्य म्हटलं, त्यानं मान डोलावली आणि तिथून पुढे प्रत्येक घरी इमानदारीत अकरा कमी सांगत राहिलं. काही यंत्रं अशा वेळी झीरो करायला नकार देतात. माझं देत नाही. होज लावल्याशिवाय मी ते कधी चालू करत नव्हतो, त्यामुळे उघड्या हवेत ते उणे दाखवतंय हे मला दिसलंच नाही. आणि ती रबराची चीर कधीची होती ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक माझ्याच गाडीच्या डिकीतली.

एकूण सहा मशीनं निघाली. रिकव्हरी मशीन भाड्यानं आणलं. सहाही घरी जाऊन गॅस काढला, व्हॅक्यूम केला, काट्यावर मोजून परत भरला, पैसे घेतले नाहीत. एका काकूंनी चहा दिला आणि वर कौतुक केलं की आजकाल असे प्रामाणिक लोक राहिले नाहीत. तो चहा फार कडू लागला. काढलेला गॅस हवेत सोडला नाही, हे मात्र अभिमानानं सांगतो. एक किलो आर-४१०ए म्हणजे जवळपास दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा असतो. कॉम्प्रेसर नवा बसवून दिला. तो जुनाच होता, असं म्हणता आलं असतं.

बारक्याच्या घरी जायला मला अकरा दिवस लागले. (हाही आकडा अकराच. योगायोग.) तो नव्हता, आई होती. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून काम शिकला, लय नाव घ्यायचा तुमचं." 'घ्यायचा' हे त्या सहज बोलल्या असतील. मी ओट्यावर थांबलो. तो आल्यावर सांगितलं, चूक माझी होती, गच्चीवर तू विचारलं होतंस. तो म्हणाला, "मला आठवतंय." मी विचारलं, मग त्या दिवशी दारात का नाही बोललास? खाली बघत म्हणाला, "तुम्ही ऐकत नव्हता ना."

परत ये म्हणालो. बघतो म्हणाला. आला नाही. हडपसरला एका माणसाकडे लागला, तिथे त्याला मशीन उघडायला देतात. चांगलं आहे.

त्यानंतर माझ्या सवयी बदलल्या. आता सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम म्हणजे होज सोडायचे, सगळे व्हॉल्व्ह उघडायचे, यंत्र पाचेक मिनिटं चालू ठेवायचं आणि मग झीरो. दादरला मावशीकडे काम निघालं की तिथे पोचल्यावर परत, कारण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, घाट उतरला की हवेचाच दाब जवळपास एक पीएसआय वाढतो. महिन्यातून एकदा सिलिंडरवर तपासणी. तापमानाचे चिमटे पातळ पिशवीत गुंडाळून बर्फाच्या पाण्यात, शून्य दाखवतात का बघायला. आर-२२ चे होज वेगळे ठेवलेत, कारण त्याचं तेल वेगळं. नव्या गॅसबरोबरचं तेल तर हवेतलं पाणी अधाशासारखं पितं, म्हणून टोपणं लावलेली. होजमधली रबरी वॉशर चपटी झाली की बदलायची, रुपयांचं काम असतं. थिनरनं पुसायचं नाही, स्क्रीन पांढरी होते (विचारू नका कसं कळलं). मे महिन्यात डिकीत ठेवायचं नाही. आणि पावसाळ्यात काम नसताना सेल काढून ठेवायचे. काकाचा टोमणा खरा ठरला, फक्त सेल संपले नाहीत, फुटून पाझरले.

गेल्या जानेवारीत रात्री दहाला फोन आला. बारक्या. हाय-हॅलो काही नाही.

"दादा, डिजिटल घेतलं. हप्त्यावर."

"अरे वा. कुठलं?"

"ते सांगतो नंतर. ४१० चं सिलिंडर कालपासून घरात ठेवलंय. खोली पंचवीस आहे. किती दिसायला पाहिजे?"

"२२५ च्या आसपास."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग होज घट्ट केल्याची कुरकुर, आणि मागून त्याच्या आईचा आवाज, जेवायला चल म्हणून.

"दोनशे तेवीस."

"झीरो कसं केलंस?"

"होज काढून," तो म्हणाला.