मालेच्या किनाऱ्याने

मालदीवच्या सुट्टीतला एक दिवस आम्ही दोघांनी राजधानी मालेचा किनारा पायी फिरण्यासाठी राखून ठेवला. सुरुवात उत्तरेच्या धक्क्यावरून केली. तिथल्या मासळीबाजारात टूना मासे फरशीवर रांगेने मांडले होते. जवळच हुकुरु मिस्की ही जुनी जुमा मशीद आहे. सुलतान इब्राहिम इस्कंदर यांनी १६५८ साली ती बांधली, तीही समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडांनी. दगडांवरची नक्षी पाहून लाकडाचाच भास होतो. इमारतीचे तोंड सरळ पश्चिमेला आणि किब्ला वायव्येकडे, म्हणून आत नमाजाच्या सफा तिरप्या लागतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता याच बेटांवर काझी होते.

दुपारनंतर दक्षिण किनाऱ्यावर गेलो. तिथे वाळू नाही, काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचलेले आहेत. शहर वाढवताना भोवतीचा उथळ प्रवाळपट्टा भरून टाकला गेला आणि लाटा अडवणारी कुदरती भिंत कमजोर झाली. १९८७ साली समुद्र शहरात शिरला. मग जपानच्या मदतीने ही भिंत उभी राहिली आणि २००४ च्या त्सुनामीत तिने मोठे नुकसान टाळले.

देशाची जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटरच उंच. त्यात पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात. २०१६ साली इथे ते फार मोठ्या प्रमाणावर झाले. अस्रची अजान झाली तेव्हा आम्ही भिंतीपाशीच होतो. ज्या प्रवाळाने या लोकांना जमीन दिली, मशीद दिली, तो अल्लाहची अमानत आहे. अमानत सांभाळायची असते, खर्चायची नसते.